पाचव्या टाकीतलं मीठ

मानकोलीचा नाका मागे पडून अर्धा तास झाला तरी रुकय्या एक शब्द बोलली नव्हती. ती पुढे, कमळ मागे. रिक्षांचा बंद, त्यात मे महिना, आणि डांबर इतकं तापलेलं की चपलेतून तळवे भाजत होते. गोदामांपुढून ट्रक जाई, धूळ उडे, पण रुकय्या ओढणीसुद्धा नाकाशी नेत नव्हती.

तिच्या काखेत कागदाची जाड घडी होती. दोन्ही कडांना भोकं पाडलेला, पानाला पान जोडलेला, संगणकातून निघालेला कागद. उलगडला असता तर चाळीच्या जिन्यापासून थेट नाक्यावर पोचला असता. त्यावर आकड्यांशिवाय काही नव्हतं. पण ते आकडे एका माणसाची बाजू सांगत होते, आणि तासाभरापूर्वी एका मॅनेजरने ते न वाचताच टेबलावरून परत सरकवले होते.

"अगं, जरा दमानं," कमळ म्हणाली. "माझी संकष्टी आहे आज, पोटात चहाशिवाय काही नाही."

"शाळेत पोरांची कवायत कशी घेतेस मग?"

"शिट्टी वाजवून. पळतात ती. मी सावलीत उभी असते."

एरवी रुकय्या हसली असती. आज नाही. कमळने मनाशी म्हटलं, राग आहे, चालण्यात जिरेल. राग तर तिलाही आला होता. राग आला की ती मनातल्या मनात देवाचं नाव घेई. आज नाव घेता घेता दातओठ खात होती, आणि त्याची तिला लाज वाटत होती.

रुकय्या कामतघरची. तिच्या वडिलांचं, गुलाम हुसेन यांचं घराणं खाडीकाठच्या गावातलं, भिवंडीत तीन पिढ्या काढलेलं. चुलत्यांच्या वाट्याला लूम आले, यांच्या वाट्याला नोकरी आली. मानकोलीच्या पलीकडे एक प्रोसेस हाऊस आहे, म्हणजे लूमवरून उतरलेलं कोरं कापड जिथे धुतात, पांढरं करतात, रंगवतात तो कारखाना. तिथे ते टाक्यांवरचे मुकादम होते. घरात सगळी भावंडं उर्दू शाळेत गेली. रुकय्याला मात्र गुलाम हुसेन यांनी हात धरून मराठी शाळेत नेलं. "कचेरीचे कागद मराठीत येतात," ते हेडमास्तरांना म्हणाले होते. "घरात एकाला तरी ते वाचता आले पाहिजेत. आम्ही किती दिवस दुसऱ्याच्या डोळ्याने वाचणार?"

म्हणून रुकय्या पाचवीत कमळच्या बाकावर येऊन बसली, आणि घरात आलेला प्रत्येक कागद, विजेच्या बिलापासून कोर्टाच्या नोटिशीपर्यंत, दहाव्या वर्षापासून तीच वाचून दाखवू लागली. गुलाम हुसेन पुढ्यात मांडी घालून ऐकत, पुन्हा वाचायला लावत, आणि मग उर्दूत सही करत. वाचून दाखवल्याशिवाय सही नाही, हा त्यांचा नेम.

बारावीचं वर्ष होतं चौऱ्याऐंशी. भिवंडीतल्या दंगलीच्या त्या दिवसांत सहा आठवडे दोघींची भेट झाली नाही. भेटल्या तेव्हा त्याबद्दल कुणी काही बोललं नाही. रुकय्याने रसायनशास्त्राची वही परत केली, कमळने तिला कव्हर घातलं, आणि दोघी परीक्षेला बसल्या.

पुढे कमळ डी.एड. करून नगरपालिकेच्या शाळेत लागली. रुकय्या रसायनात एम.एस्सी. झाली आणि मुंबईच्या एका संस्थेत मुलाखतीला गेली. तिथे तिला विचारलं, पचनाचं काम शरीरात कोण करतं? ती म्हणाली, "विकर." पाठ्यपुस्तकातला तोच तर शब्द. समोरचे तिघे एकमेकांकडे बघून हसले. एकाने विचारलं, "हे कुठल्या गावचं?" तिने 'एन्झाइम' हा इंग्रजी शब्द सांगितला, पुढची सगळी उत्तरं बरोबर दिली, नोकरीही मिळाली. पण ते हसू ती घरी घेऊन आली. कमळला सांगताना तिचे कान लाल झाले होते. "शब्द माझा बरोबर होता गं. त्यांना येत नव्हता, आणि लाज मला वाटली."

संस्थेत तिचं काम काय, हे कमळला समजायला दोन वर्षं लागली. समजावलं ते रुकय्यानेच, भाजी निवडता निवडता.

"लूमवर सूत तुटू नये म्हणून ताण्याच्या उभ्या सुताला कांजी चढवतात, ठाऊक आहे ना? कापड विणून झालं की ती उतरवायची. नाहीतर रंग धरत नाही. कांजी म्हणजे साखरेच्या मण्यांची माळ. पाण्याने उतरत नाही ती. विकर ती माळ तोडतं."

"कात्रीने तोडल्यासारखी?"

"नाही ना! तीच तर गंमत. विकर म्हणजे सुताचा गुंता समज. त्या गुंत्यात एक खाच. सगळी करामत त्या खाचेत. माळ तिथे येऊन बसते. खाचेतला एक हात मण्याला वाकवून धरतो, दुसरा त्याला एक बारकासा कण देतो, आणि सांधा आपोआप सुटतो."

"आणि तू काय करतेस?"

"मी घाट मोजते."

"कसला घाट?"

"माळ धड आहे तो अलीकडचा पायथा, तुटली तो पलीकडचा. मधे घाट. साध्या पाण्यात हा घाट इतका उंच की माळ जन्मभर चढेल तरी माथा यायचा नाही. विकर घाटच खाली आणतं. किती खाली, आणि खाचेतल्या कोणत्या हाताने, ते मी संगणकाला विचारते."

"आणि तो सांगतो?"

"सांगतो. चार दिवसांनी. मधे वीज गेली तर पुन्हा पायथ्यापासून."

कमळला त्यात नवल वाटलं नाही. दिसत नाही तरी काम करतं, अशा गोष्टीवर तिचा आधीपासूनच विश्वास होता. ती फक्त म्हणाली, "मेथी संपली, आता कोथिंबीर घे."

त्र्याण्णव सालच्या शेवटी परदेशातून संस्थेत संगणकाची एक टेप आली. जनावराच्या पोटात कांजी पचवणारं जे विकर असतं, त्याचा अणूअणू कुठे बसलाय त्याची यादी त्यात होती. प्रोसेस हाऊसमध्ये कांजी उतरवायची पिवळट पावडर असते ना, तीही त्याच जातीची. रुकय्याला तर घरचाच माणूस भेटल्यासारखं झालं. तिच्या सरांनी सांगितलं, "पाणी काढून टाक, क्षार काढून टाक, नुसतं विकर ठेव. मशीनवर वेळ कमी लागेल." तिने एकेक ओळ खोडून काढली.

आणि घाट काही खाली येईना.

सात महिने! दर वेळी आकडा तोच. त्या आकड्यांवर विश्वास ठेवला तर खाचेतला कण देणारा हात आखडून बसलेला, देतच नाही काही. सर आधी म्हणाले, पुन्हा कर. मग म्हणाले, लक्ष देऊन कर. शेवटी चार जणांसमोर म्हणाले, "व्हर्नाक्युलर मीडियमवाल्यांना सूचना नीट वाचता येत नसतील, तर तसं सांगावं." रुकय्याने सूचना नीट वाचल्या होत्या, म्हणूनच तर चूक झाली होती. पण ते कुणाला सांगणार?

एका रविवारी ती घरी असताना आई, अतिया, चुलीपाशी होती. चमचा पुढे करून म्हणाली, "मीठ बघ गो, माझा रोजा हाय." रुकय्याने जिभेवर घेतलं आणि चमचा हातात तसाच राहिला. तिला चिंतू आठवला.

चिंतू टेमघरच्या पलीकडच्या आदिवासी पाड्यातला. कांजी उतरवायच्या टाकीवर बावीस वर्षं. रुकय्या लहान असताना अब्बांचा डबा घेऊन जाई, तेव्हा तो टाकीच्या कडेला हात लावून आपल्या पाड्याच्या हिरवा देवाचं नाव घेई आणि घमेलंभर जाडं मीठ, मिठागरातलं, टाकीत लोटून देई. एकदा तिने विचारलं होतं, "चिंतूकाका, मीठ कशाला?"

"ही पावडर अळणी खात न्हाय, पोरी," चिंतू म्हणाला. "अळणी दिलं तं उपाशी ऱ्हाते, आन् कापड कडक ते कडक."

"तुला कोणी सांगितलं?"

"मना कोन सांगनार? टाकीनं सांगितलं. पयली हिरीचं पानी होतं, खारट. मीठ लागत नवतं. पावसात हिरीचं पानी गोडं व्हायचं, तवा कापड बिघडायचं. मंग मीठ घातलं." कापडाचा कोपरा उचलून तो गालावर घासून बघायचा. कांजी उरली असेल तर गाल सांगतो, म्हणायचा. आणि तिला एक मूठ मीठ द्यायचा, टाकीत टाकायला.

रुकय्याने सोमवारी जाऊन खोडलेली एक ओळ परत लिहिली. मिठाचे दोन भाग असतात, त्यातला एक, तेवढाच. तो खाचेत, त्या आखडलेल्या हाताच्या मागे जाऊन बसला. स्वतः काही करत नाही, नुसता पाठीशी उभा राहतो. चार दिवसांनी मशीनने आकडा दिला, आणि घाट धाडकन खाली आलेला.

मग तिने ग्रंथालय पालथं घातलं. ऐंशी वर्षांपूर्वीच्या एका जाडजूड पुस्तकात लिहिलेलं सापडलं, की लाळेतलं विकर मिठावाचून काम करत नाही. "म्हणजे बघ," ती कमळला म्हणाली, "पुस्तकाला ठाऊक होतं, टाकीवाल्याला ठाऊक होतं. मधल्या साहेबांनाच तेवढं ठाऊक नव्हतं." सरांनी शोधनिबंधात मीठ घातलं, पण आभाराच्या ओळीत चिंतूचं नाव घालायला ते तयार नव्हते. "टाकीवर काम करणारा माणूस? लोक हसतील." ती भांडली. पण तो राग पुढच्या रागापुढे काहीच नव्हता.

कारण पेढे घेऊन ती चिंतूला सांगायला गेली, तर टाकीवर चिंतू नव्हता. वीटभट्टीवर होता. दोन दिवाळ्यांपूर्वीच त्याला काढलं होतं. अब्बांनी घरी चकार शब्द काढला नव्हता. विचारलं तेव्हा म्हणाले, "म्हातारा झाला, सुटला." आणि पान लावत बसले.

पाड्यावर चिंतूने तिला आणि कमळला बाजेवर बसवलं. त्याची बायको सोनी ताडगोळे घेऊन आली. पेढ्याचा पुडा पाहून म्हणाली, "लगीन ठरलं काय गो तुजं?"

"लग्न नाही, सोनीकाकी. तुमच्या नवऱ्याचं मीठ खरं ठरलं."

"ते मीठ नको काढू," सोनी म्हणाली. "त्या मिठानंच घर बुडालं."

मग चिंतूनेच सांगितलं. कारखान्यात पोलादाच्या चकचकीत नव्या टाक्या आल्या. इंजिनिअर म्हणाला, मिठाने टाकीला भोकं पडतात. ते खरंही असेल, चिंतू म्हणाला, आपण कशाला नाही म्हणायचं. मॅनेजरने मीठ बंद केलं. पाणी नळाचं, गोडं. त्याने हुकूम पाळला, एक नाही चार टाक्या अळणी लावल्या. कापड गालाला कडक लागलं. त्याने सांगितलं, कुणी ऐकलं नाही. पाचव्या टाकीला मात्र त्याच्याने राहवेना. घमेलं उचललं, देवाचं नाव घेतलं, मीठ लोटलं. पाचव्या टाकीचं कापड मऊ निघालं. चार टाक्यांचं कापड रंगात डागाळलं, व्यापाऱ्याकडून परत आलं. चौकशी बसली.

"इचारलं, चिंतू, मीठ टाकलंस? मी म्हनलो, टाकलं. खोटं कशाला बोलू? मिठाच्या बाबतीत तं न्हायच बोलत आमी."

"पण कुठल्या टाकीत, ते विचारलं नाही?" रुकय्या ओरडलीच.

"न्हाय. 'टाकलं' म्हनलो तं कागद लिवला. अंगठा दिला. मॅनेजर मना नमकहराम म्हनला. मी म्हनलो, सायेब, मीठ तं मीच घालत होतो!" आणि म्हातारा स्वतःच खो खो हसला.

सोनी हसली नाही. "ह्याच्या वशिल्यानं पाड्यातले चौघं कामाव होते. त्यांना बी काढलं. आता कुठं बी गेले तं इचारतात, कोनच्या पाड्यातला? चिंतूच्या? नको बाबा. पोरं याला कापडबुडव्या म्हनतात, तोंडाव."

"मना कामाव परत न्हाय घेतलं तं न्हाय," चिंतू म्हणाला. आता तो हसत नव्हता. "हात थरथरतात माजे. पर त्या कागदाव कंची टाकी ते लिवा. येवढंच. मी चार टाक्या बुडवल्या न्हाईत."

एवढंच हवं होतं त्याला. आणि त्या एवढ्यासाठी आज दोघी मानकोलीला गेल्या होत्या.

मॅनेजर पंख्याखाली बसला होता. रुकय्याने संस्थेचं नाव सांगितलं तेव्हा त्याने खुर्ची दिली, कागदाची घडी उघडू लागली तेव्हा हात वर केला.

"मॅडम, ये सब कॉलेजात दाखवा. इथे कापड बनतं."

"कापड बनत नव्हतं, म्हणूनच दाखवतेय," रुकय्या म्हणाली. "चार टाक्या बिघडल्या त्या मीठ नव्हतं म्हणून. हे बघा, मीठ असताना आणि नसताना..."

"माणसाने स्वतः कबूल केलंय." त्याने फाइल काढली आणि बोट ठेवून वाचून दाखवलं. "'मी अंधश्रद्धेपोटी, मालकांची मनाई असतानाही, टाकीत मीठ टाकले व त्यामुळे मालाचे नुकसान झाले.' खाली अंगठा. बघा."

अंधश्रद्धेपोटी! कमळच्या डोक्यात तिडीक गेली. आयुष्यात एक शब्द नीट लिहायला न शिकलेल्या माणसाच्या तोंडी केवढा जड शब्द घातला होता. त्याने देवाचं नाव घेतलं म्हणून त्याचं बावीस वर्षांचं बघणं, चाखणं, गालावर घासणं सगळं अंधश्रद्धा? आणि टाकी चकचकीत राहावी म्हणून कापड बुडवलं, ती मात्र अक्कल? मॅनेजरच्या मागे भिंतीवर हार घातलेली तसबीर होती, पुढे उदबत्ती जळत होती. ती कोणत्या टाकीसाठी लावली होती?

"कोणत्या टाकीत?" कमळने विचारलं. तिचा वर्गातला आवाज निघाला.

"काय?"

"टाक्या पाच. चार बिघडल्या, एक चांगली निघाली. मीठ कोणत्या टाकीत टाकलं? कागदावर नाही ते."

"कागदावर नाही ते झालं नाही, बाई."

"वा रे! आणि कागदावर असेल ते झालं?"

मॅनेजरने फाइल मिटायला घेतली. मग काय वाटलं कोण जाणे, पुन्हा उघडली. "हे बघा, उगीच माझ्यावर डाफरू नका. साक्षीदार होता ना त्या वेळी. टाक्यांवरच उभा असायचा. त्याला टाकी ठाऊक असेल तर त्याने लिहून द्यावं, मी कागदाला कागद जोडतो. पण संगणकाचा नाही. माणसाचा." आणि त्याने कागदाच्या तळाशी असलेल्या उर्दू सहीवर टिचकी मारली.

रुकय्याने वाकून पाहिलं. आपली घडी उचलली. उठली. फाटकाबाहेर पडेपर्यंत कमळला वाटत होतं, ती भांडायला परत वळेल. ती वळली नाही.

आता अंजूरफाटा आला. रसाच्या गाड्यापाशी सावली होती. रुकय्या थांबली आणि पहिल्यांदा आपणहून बोलली.

"साक्षीदाराची सही पाहिलीस?"

"उर्दूत होती. मला कुठली वाचता येते!"

"मला येते. पाचवीपासून प्रगतिपुस्तकावर तीच बघत आलेय."

कमळला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि तिने गाड्याच्या दांडीला हात धरला. रसवाला विचारत होता, "दोन गिलास का, ताई?"

"अब्बा?"

"अब्बा."

मग कमळ, जे कुणीही म्हणेल तेच म्हणाली. "घाबरले असतील गं. रिटायर व्हायला किती दिवस होते त्यांना तेव्हा?"

"पाच महिने. चिंतूकाकाला भीती नव्हती? तोही घाबरून खोटं बोलू शकला असता. एक 'न्हाय' म्हणायचं होतं त्याला. ते त्याने म्हटलं नाही. आणि माझे अब्बा, पाच वेळचे नमाजी, पाचव्या टाकीशी उभे होते, कापड गालाला लावून बघितलं असेल त्यांनीही..." तिने घडी दुसऱ्या काखेत घेतली. "तुला खरं सांगू, सहीचं नाही एवढं लागलं मला. तुला माहीत आहे ना त्यांचा नेम?"

"वाचून दाखवल्याशिवाय सही नाही."

"घरात आलेला प्रत्येक कागद त्यांनी मला वाचायला दिला. लग्नाचे, मयताचे, कोर्टाचे. मामूंच्या भानगडीचा कागदसुद्धा. हा एकच कागद त्यांनी घरी आणला नाही. का नाही आणला, सांग ना! त्यात काय आहे ते ठाऊक होतं म्हणून. मी वाचला असता तर सही करू दिली नसती म्हणून. मराठी शाळेत घातलं कशाला मग मला?"

कमळने रसाचे दोन ग्लास घेतले आणि आपलाही न पिता दोन्ही रुकय्यापुढे धरले. रुकय्याने एक प्यायला. दुसरा तिने रसवाल्याला परत दिला. तो म्हणाला, "पिया नहीं तो भी पैसा लगेगा," आणि रुकय्या त्याच्यावर अशी कडाडली की दोन ट्रकवाले वळून बघायला लागले. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. आज जिथे दोष होता तिथे कडाडताच आलं नव्हतं.

पुढचा रस्ता त्या शेजारी शेजारी चालल्या. लूमची खडखड ऐकू येऊ लागली. रुकय्या मधेच म्हणाली, "संगणकाचा कागद नको, माणसाचा हवा, म्हणाला तो. सात महिने घालवले मी. त्या आकड्यांत खोट नाही, कमळ."

"नाही ना."

"पण तो त्याच्या जागी खरं बोलला, हेच चीड आणतं. माझे आकडे इतकंच सांगतात, की मीठ असेल तर कापड बिघडत नाही. चिंतूकाकाने ते कुठल्या टाकीत घातलं हे आकडे कसे सांगणार? ते बघणारा एकच माणूस."

वऱ्हाळदेवीचं तळं दिसलं तेव्हा ऊन कललं होतं. कमळने चालता चालताच देवळाकडे पाहून हात जोडले. काही मागितलं नाही. मागायचं काय, तेच ठरत नव्हतं. इथून एक रस्ता रुकय्याच्या चाळीकडे उतरतो, जिथे या वेळी गुलाम हुसेन ओट्यावर खुर्ची टाकून बसलेले असणार. दुसरा सरळ टेमघरकडे, चिंतूच्या पाड्यावर जातो. चिंतू वाट बघत असणार. काय झालं ते सांगायला येतो, असा सकाळी निरोप दिला होता.

रुकय्या तिठ्यावर थांबली. कागदाची घडी तिने तळ्याच्या कठड्यावर ठेवली, पुन्हा उचलली.

"चल, तुझ्या घरी जाऊ आधी," कमळ म्हणाली. "तू विचार त्यांना. समोरासमोर."

"मी विचारलं तर ते खोटं बोलतील. बाप आहेत, मुलीपुढे पडणं त्यांना जमणार नाही. आणि ते खोटं बोलले हे मला कळेल. मग मी त्या घरात जेवू कशी?" तिने डोळे पुसले नाहीत, नुसते मिटून उघडले. "तुझ्यापुढे ते बोलणार नाहीत खोटं. आठवतं, ईदला काय म्हणतात? ही मास्तरीणबाय गप बसून बघते तेव्हा आपलीच जीभ सरळ होते."

"ते चेष्टेत म्हणतात गं."

"तेवढंच खरं बोलतात चेष्टेत. ऐक. मी पाड्यावर जाते, चिंतूकाकाजवळ बसते. काही सांगत नाही त्याला, तू येईपर्यंत. तू अब्बांकडे जा. संस्था, संगणक, मॅनेजर, काही काढू नकोस. ओरडू नकोस. माझं नाव घेऊ नकोस. फक्त एवढं विचार, की चिंतूने मीठ घातलं ती टाकी कितवी. बाकी कुणी विचारलं नाही ते."

कमळने पदर खोचला.

"आणि त्यांनी सांगितलं," रुकय्या म्हणाली, "तर तिथेच लिही. तुझ्या त्या फळ्यावरच्या अक्षरात, साध्या मराठीत, जड शब्द एकही नको. लिहून झालं की त्यांना वाचून दाखव. दोनदा वाच, त्यांना तशी सवय आहे. मग सही घे. वाचून दाखवल्याशिवाय घेऊ नकोस, कमळ. एवढं कर माझ्यासाठी."